जपानची पांढरी वाईन आणि बिनतिखटाचं पापलेट

लेकीनं जपानहून पांढरी वाईन पाठवली. ग्लासात ओतली तर पलीकडची बायको स्वच्छ दिसत होती, इतकी फिक्की. लेकीनं बजावलेलं, "बाबा, सोबत तिखट नको. नुसता मिठातला मासा, वर जरासं लिंबू." बायकोनं पापलेट उकडलं आणि विचारलं, "आजारी कोण पडलंय?" आमच्यात असलं जेवण तापातच मिळतं.

एक घोट घेतला, मासा खाल्ला, परत घोट घेतला. काहीच कळेना. लेकीला म्हणे त्यात संत्र्याच्या सालीचा वास येतो. माझं नाक फक्त सर्दीच्या कामाचं, आणि जन्मभर ठेचा खाऊन जिभेचं चामडं झालंय. स्वतःचीच चीड आली. पोरगी ज्या चवीत रमलीय, त्या चवीच्या दारापर्यंतसुद्धा मला जाता येत नाही.

तेवढ्यात तिचा फोन आला. "कशी लागली, बाबा?"

"कळली नाही गं. तू ये, शेजारी बस आणि सांग, काय लागायला पाहिजे ते."

ती मग म्हणाली, "येईन. पण आईला सांग, माझ्या ताटात तिखट नको. आता सोसत नाही."

फोन ठेवला आणि उरलेला ग्लास एका दमात रिकामा केला. तरी चव लागली नाही.