सोजरबाई कारंज्याला जेवायला जाते

सोजरबाईनं उभ्या जन्मात किती भाकरी थापल्या, कुणी मोजल्या नाहीत. शेलूबाजारच्या अलीकडच्या त्या गावात तिच्या हाताची ज्वारीची भाकर नावाजलेली होती. पापुद्रा असा अलगद सुटायचा की खाणारा कालवणाची वाट न बघता नुसताच खात सुटायचा. पण खुद्द सोजरबाईनं आपली भाकर तव्यावरून उतरल्या उतरल्या कधी खाल्ली नव्हती. खाणार कधी? आधी सासरा, मग नवरा आणि दीर, मग पोरं, मग गडीमाणसं, मग सासू. त्यानंतर उरायची चुलीत राख आणि टोपलीत गार भाकर. माहेरीही हेच, फक्त माणसांची नावं वेगळी. याचं तिला दुःख होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. गावातल्या कुठल्याच बाईला नव्हतं. बाईची भाकर गारच असते, यात बोलण्यासारखं काय आहे?

घोटाळा केला तो जगदेवनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं. दरवर्षी कापूस निघाला की तो गाडी भरून कारंज्याच्या बाजारात जायचा आणि परत येताना नानाजीच्या खानावळीच्या गोष्टी घेऊन यायचा. एरवी हा माणूस महा घुमा, विचारल्याशिवाय हूं की चूं करणार नाही. पण खानावळीचा विषय निघाला की त्याला कंठ फुटायचा.

"काय सांगू तुले," तो भिंतीला टेकून म्हणायचा, "ताटात हात घातला नाई तं पोई येऊन पडते. गव्हाची. अशी टम्म फुगेल. बोट लावलं का भस्सकन वाफ निंगते. ते संपत नाई तं दुसरी हजर."

सोजरबाई तेव्हा गार भाकरीवर चटणी घेऊन चुलीपाशी बसलेली असायची. पहिल्या वर्षी तिनं ऐकलं आणि सोडून दिलं. पुढच्या वर्षी ऐकताना घास हातातच राहिला. मग मात्र ते तिच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. एक पोळी, तव्यावरून नुकती निघालेली, आपल्या ताटात, आणि वाढणारं माणूस दुसरं. तिला दागिना नको होता, लुगडं नको होतं. एवढं मात्र एकदा व्हायलाच पाहिजे होतं.

त्यात काय, घरी करून खायची, असं कुणी शहाणा म्हणेल. त्या शहाण्यानं भरल्या घरात चुलीपुढं बसून पहिला घास स्वतःच्या तोंडात घालून दाखवावा. आणि एका हातानं भाजायचं, दुसऱ्या हातानं खायचं, याला काही जेवण म्हणत नाहीत.

त्या वर्षी जाऊबाई घरात नांदायला आली, चुलीला दुसरा हात मिळाला, आणि सोजरबाईनं तोंड उघडलं.

"यंदा मी येते कारंज्याले."

"कायले?" जगदेवनं विचारलं.

"खानावळीत जेवाले."

जगदेव हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. "बाया नाई जात तिथं."

"मंग तिथं पोया कोन लाटते?"

"ललिताबाई."

"मंग ते बाई नाई का?"

तिथंच जगदेव हरला. गावभर बोभाटा झाला. शेजारची रंगूबाई मुद्दाम दारात येऊन विचारून गेली, "काहून वं, जगदेव घरी उपाशी ठेवते का तुले?" सासूनं तर दोन दिवस तोंड वाकडं केलं. पण निघायच्या वेळी तीच म्हातारी गाडीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काय काय असते तिथं, नीट पाहून ये. मले सांग."

सोजरबाई कापसाच्या ढिगावर चढून बसली. ठेवणीतलं लुगडं नेसली होती, आणि भूक चांगली कडकडून लागावी म्हणून सकाळपासून तोंडात काही घातलं नव्हतं. वाटेत भेटेल त्या गाडीवानाला तिला सांगावंसं वाटत होतं की मी जेवायला चालले. तिच्या आनंदाला नुसतं उधाण आलं होतं. कारंज्याच्या बाजारात कापसाचे ढीग, गाड्या, दलालांची हाकाटी, काय वाटेल ते होतं, पण तिनं त्यातलं काही धड पाहिलं नाही. कापूस उतरला का, झालं का, निघायचं का, हेच तिचं चाललं होतं.

खानावळीत पुरुषांच्या पंगती बसल्या होत्या. दारात बाईमाणूस बघून गल्ल्यावरचे नानाजी गडबडले. शेवटी त्यांनी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत तिच्यासाठी पाट मांडला आणि मधे धोतराचा पडदा टाकला. जगदेव बाहेर पंगतीत बसला. सोजरबाईला पाटावरून थेट चूल दिसत होती. ललिताबाई घामेजलेल्या चेहऱ्यानं पोळी लाटत होती, तव्यावर टाकत होती, निखाऱ्यावर फुगवत होती. सोजरबाई पाटावर सावरून बसली.

खेमा नावाचा उंचेला वाढपी आला. त्यानं वांग्याची भाजी, फोडणीचं वरण, लिंबाचं लोणचं वाढलं आणि वर पोळी टाकली. टम्म फुगलेली. अगदी जगदेवनं सांगितली होती तशीच.

तिनं हात पुढं केला आणि हात थांबला.

बाहेर जगदेवचं जेवण चालू होतं. पडद्याआडून त्याचा आवाज येत होता, "वरन आना इकडं." नवऱ्याचं जेवण आटपायच्या आधी घास घ्यायचा, हे त्या हाताला ठाऊकच नव्हतं. ती पोळीकडं बघत बसली. पोळी हळूहळू बसली, चपटी झाली, गार झाली. शेवटी ती गार पोळी तिनं निमूट खाल्ली आणि मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या.

एवढ्यात खेमा दुसरी घेऊन आला. "पोळी?"

"नको, राहू द्या," सोजरबाई म्हणाली.

आता हे ती बोललीच नव्हती. तिची जीभ बोलली होती. आपल्याकडं पाहुण्याचा पहिला "नको" कुणी खरा समजत नाही. दुसराही नाही. तिसऱ्या वेळी यजमानीण गळ्याची शपथ घालते आणि हात बाजूला सारून वाढते. सोजरबाईनं तर रीतीप्रमाणं ताटावर हातही आडवा धरला होता, बोटांत पोळी शिरेल एवढी फट ठेवून. पण खेमाला अख्खी पंगत वाढायची होती. "बरं," म्हणून तो चालता झाला.

परत तो आला तेव्हा ती आणखी हळू "नको" म्हणाली, जेणेकरून त्याला कळावं. त्याला कळलं नाही. मग तो फिरकलाच नाही.

बाहेर हात धुण्याचे आवाज सुरू झाले. ललिताबाईनं चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढलं. चूल विझली की संपलं. पुढच्या वर्षी कोण आणतंय! घरी जाऊन म्हातारीला काय सांगायचं, की गार पोळी खाऊन आले? तिला रडू यायला लागलं, आणि रडण्याच्या आधी राग आला. खेमाचा नव्हे, त्या मेल्या जिभेचा.

"ओ भाऊ," तिनं हाक मारली. कुणी ऐकलं नाही.

मग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि शेतात हाक मारतात तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "मले पोई पायजे. गरम पायजे."

पलीकडं कुणीतरी फिदकन हसलं.

जगदेव मागच्या दारी हात धूत होता. बायकोचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. काही भाजलं-बिजलं की काय म्हणून तो ओल्या हातांनीच स्वयंपाकघराच्या दाराशी धावला. खेमा पाणी आणायला विहिरीवर गेला होता. ललिताबाईनं लाकूड परत चुलीत सारलं होतं आणि निखाऱ्यावर पोळी फुगली होती. तिनं ती चिमट्यानं उचलली आणि जगदेवपुढं धरली.

"पाहून काय राह्यले? तुमचंच मानूस बसलं हाय तिथं. न्या, थंडी होते."

जगदेवनं काही विचार न करता तळहात पुढं केला आणि पोळी घेतल्याबरोबर बोंबलला. या हातावरून त्या हातावर नाचवत, फुंकत तो पडद्याआड गेला आणि त्यानं ती बायकोच्या ताटात टाकली. आजवर त्यानं कुणाच्या ताटात साधं मीठही वाढलं नव्हतं. वाढल्यावर उभं राहायचं की बसायचं हेही त्याला कळेना. मग तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

सोजरबाई या वेळी थांबली नाही. तिनं बोट घातलं, भस्सकन वाफ आली, बोट पोळलं, घास तोंडात गेला, जीभ पोळली आणि डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. ती रडत होती आणि हसत होती आणि खात होती, तिन्ही एकदम.

"भाजलं का व?" जगदेवनं विचारलं.

"भाजू द्या."

पोळी संपेपर्यंत तो तिच्याकडं बघत बसला. इतकी वर्षं संसार केला, पण हिला जेवताना आपण कधी पाहिलंच नाही, हे त्याला तिथं, त्या पाटासमोर कळलं. तो उठला. दाराशी जाऊन थबकला आणि लाजत मागं वळून म्हणाला, "अजून एक आनू?"

सोजरबाईच्या ओठांवर सवयीनं शब्द आला होता. तिनं तो घासाबरोबर गिळून टाकला.

"आना," ती म्हणाली. "आन पयत या, थंडी होते."