बारशाची बासुंदी

येसूबाईच्या हातच्या खिचडीने मुलांना उलट्या झाल्या, असं मुरारीने शाळेच्या पटांगणात उभं राहून जाहीर केलं, तेव्हा तिची लेक शर्मिला दहावीत होती. शाळा समितीचा अध्यक्ष मुरारीच. तपास कसलाच झाला नाही. पातेलं ओढ्यात ओतलं आणि दुसऱ्या दिवसापासून येसूबाईचं शाळेत खिचडी शिजवायचं काम गेलं. 'हिच्या हातचं नकोच' म्हणणाऱ्यांत मुरारीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. शर्मिलाने ते गिळलं, पण विसरली नाही.

अकरा वर्षांनी ती कापडे गावाजवळच्या आपल्या त्याच वाडीची आरोग्य सेविका होती. ऐन वैशाखात मुरारीच्या नातवाचं, स्वराजचं बारसं झालं आणि पंगती उठून तीन तास होतात तोच घराघरांत उलट्या सुरू झाल्या. फोन आला तेव्हा शर्मिलाला आधी बरं वाटलं. मग ती ओआरएसची पाकिटं घेऊन निघाली.

मुरारी ओटीवर आडवा पडून हुकूम सोडत होता. "उरलंसुरलं सगळं ओढ्यात टाका. त्या मंजुळेनंच कायतरी घोळ केला हाय."

स्वयंपाकाला बोलावलेली मंजुळा चुलीपाशी रडत बसली होती.

"काही टाकायचं नाही," शर्मिला म्हणाली. तिने बासुंदी, भात, पाणी वेगवेगळ्या निर्जंतुक बाटल्यांत भरलं, सील केलं आणि बर्फाच्या डब्यात ठेवलं. मग घरोघर फिरली. काय खाल्लंत, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला? घरी नेलेले बासुंदीचे डबेही तिने काढून घेतले, नाहीतर आणखी माणसं पडली असती. पाणी सगळेच प्यायले होते. आजारी एकतीस जण, आणि सगळे बासुंदी खाल्लेले. महाडच्या एमआयडीसीत दुपारपाळी असलेले चौघे गोड वाढायच्या आधीच उठले होते, ते ठणठणीत.

"बासुंदी कधी आटवली?" तिने सगळ्यांदेखत विचारलं.

"आदल्या सांजेला," मंजुळा म्हणाली. "मी म्हटलं, बर्फात ठेवा. मुरारीदादा म्हनले, काय होत नाय. मांडवातच ठेवली झाकून."

मुरारीने शर्मिलाला जवळ बोलावलं. "पान्यानं झालं असं लिही गो. माझी अब्रू जाईल."

"माझ्या आईच्या वेळी कुणी बाटली भरली होती का, काका?"

तिने बर्फाच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"तुमची भरलीय."

अहवाल आला. उकाड्यात राहिलेल्या बासुंदीत जंतू वाढून विष तयार झालं होतं. ग्रामसभेत आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तेवढंच वाचलं, नाव घेतलं नाही. शर्मिला उठली आणि तिने घेतलं; कुणाच्या घरी, कुणाच्या सांगण्यावरून, सगळं. डॉक्टर हळूच "पुरे" म्हणाले, तरी ती बसली नाही. "अकरा वर्षांपूर्वीच्या खिचडीचा नमुना कुणीच तपासला नव्हता, हेही लिहून घ्या." ग्रामसेवकाने लिहिलं. मुरारी उठून चालता झाला.

घरी येसूबाई तांदूळ निवडत होती. "पोरं बरी झाली सगळी?"

"झाली."

"मग त्याला चारचौघांत कशाला उभा केलास?"

शर्मिलाही शेजारी बसून खडे वेचू लागली. तिला जराही वाईट वाटत नव्हतं. मुरारी आणखी थोडा वेळ ग्रामसभेत बसायला हवा होता, एवढंच वाटत होतं.