मोटार बदलली, सायकल नाही

नवनगरच्या अंबूताईंची सायकल खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी मेली, आणि ती अंबूताईंनीच मारली, याबद्दल घरात कुणाचं दुमत नव्हतं. फक्त ती मेली आहे हे अंबूताईंना मान्य नव्हतं.

सायकल विजेची, घडीची. चाकं लहान, मधोमध बिजागरी, दुमडली की मोठ्या बॅगेएवढी होते. मुलगा श्रीवत्स बेंगळुरात वापरायचा, त्यानं गाडी घेतली आणि सायकल तीन वर्षांपूर्वी इथं आणून टाकली. त्याला वाटलं, गच्चीवर पडून राहील. पण अंबूताईंना रायापूरच्या बोळातल्या दत्ताच्या देवळात रोज सांजवात लावायला जायचं असतं. अकरा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. गुडघे बोलायला लागल्यावर बसथांब्यापासून देवळापर्यंतचं चालणं जड होऊ लागलं होतं, तेवढ्यात ही सायकल आली. पायडल नावाला मारायचं, बाकी मोटार ओढते. घरी आलं की घडी करायची आणि एकेक पायरी टेकवत पहिल्या मजल्यावर न्यायची. एकसष्टाव्या वर्षी अंबूताईंना पाय फुटले.

आता खंडेनवमी. हुबळी-धारवाडात त्या दिवशी गाडी पुसत नाहीत, न्हाऊ घालतात. लॉरी असो की लेकराची तीनचाकी, नळी लावून धुवायची, झेंडूची माळ घालायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं, कोहळा फोडायचा. अंबूताईंनी सायकल अंगणात उलटी केली, चाकं वर, आणि नळी सोडली. "पोटातली घाण उलटी केल्याशिवाय कशी निघणार?" असं त्या धुताना म्हणाल्या होत्या, आणि ते वाक्य त्यांच्या यजमानांनी, मुकुंदरावांनी, नीट लक्षात ठेवलं. मुकुंदराव कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. साक्षीदाराचं वाक्य विसरणं त्यांच्या रक्तात नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रायापूरच्या वळणावर मागच्या चाकातून जळक्या वांग्यासारखा वास आला आणि सायकल थांबली. अंबूताईंनी आधी ती ढकलत देवळात नेली, वात लावली, आणि मग ढकलत घरी आणली. गुडघा भाकरीसारखा टम्म फुगला.

"पावला की देव!" मुकुंदराव म्हणाले. "पूजा केलीस आणि दुसऱ्या दिवशी सायकलीला मोक्ष. इतक्या लवकर ऋषींनाही मिळत नाही."

फोनवर श्रीवत्स म्हणाला, "आई, बरंच झालं बघ. या वयात त्या रस्त्यावर सायकल म्हणजे मला इथं झोप लागायची नाही. जुन्या सायकली नेणारा एक जण ओळखीचा आहे, त्याला सांगून ठेवलंय. पाडव्याला मी तिथं असेन, तेव्हा येऊन नेईल. देवळात अण्णा सोडतील की स्कूटरवर."

अण्णा म्हणजे मुकुंदराव. सोडायचे ते, नाही असं नाही. पण देवळाबाहेर स्कूटर चालूच ठेवायचे, आणि अंबूताईंनी फुलवातीला तूप लावलं न लावलं तोच हॉर्न. दत्ताची आरती आणि मुकुंदरावांचा हॉर्न अशी जुगलबंदी चार दिवस चालली. पाचव्या दिवशी अंबूताई म्हणाल्या, "अहो, मी काय भाजीची पिशवी आहे, कुणी न्यावं आणि कुणी आणावं? पाडव्यापासून कार्तिक लागतो. कार्तिकातला दिवा मी माझ्या पायानं जाऊन लावणार."

"पाय कुठायत?"

"चाकात जळलेत. बदलते."

जुन्या हुबळीत केदारीचं सायकलचं दुकान आहे. टेम्पोतून सायकल तिथं नेली. केदारीनं मागच्या चाकाचं झाकण उघडलं तर आतून विटकरी पाणी सांडलं.

"अक्का, आत हळ्ळ वाहायलाय," तो म्हणाला. हळ्ळ म्हणजे ओढा. "पाणी मारलंत काय?"

"धुतली. खंडेनवमीला."

"उलटी करून?" त्यानं चाकातून निघणारी जाड तार दाखवली. "ही तार निघते ते भोक खालच्या बाजूला असतं, म्हणून पाऊस लागत नाही. तुम्ही उलटी केली, भोक वर आलं. तारेवरनं पाणी सरळ मोटारीत. कंट्रोलरही गेला." कंट्रोलर म्हणजे मोटारीला वीज किती द्यायची ते ठरवणारी डबी.

चूक कबूल करायला अंबूताईंना दोन क्षण लागतात, तिसरा नाही. "चूक माझी. आता नवी मोटार बसव."

"या कंपनीची येत नाही. किट मिळतं बघा, चाकासकट मोटार, कंट्रोलर, तारा सगळं. पण घडीच्या गाडीला मी किट बसवत नाही. नकोच ते, ब्याड री अक्का. तीन बसवल्या, तिन्ही परत आल्या. घडी केली की बिजागरीपाशी तार तुटते, आणि शिव्या मला."

"मग मी बसवते."

केदारी हसला. "पुरणाची होळगी लाटायचं काम नव्हे हे."

"होळगी किती जणींना जमते ते तुझ्या घरी विचारून ये, मग बोल."

बेंगळुरातली सून स्मृती हिला त्यांनी दुपारी फोन केला, श्रीवत्स ऑफिसात असताना. किट मागवायचं होतं. स्मृती म्हणाली, चाक वीस इंची ते ठीक, पण मागच्या काट्यातलं अंतर मोजून सांगा, नाहीतर चाक बसणार नाही. अंबूताईंनी शिवणाची टेप आणली आणि वाकून मोजलं. साडेतेरा सेंटिमीटर.

"श्रीवत्साला सांगू नको," त्या म्हणाल्या.

"नाही सांगत. पण आई, जमलं नाही तर?"

"तर सांग."

खोकं आलं तेव्हा दिवाळीला सहा दिवस होते. ज्या दिवसांत चकलीचं भाजणीचं पीठ मळायचं, त्या दिवसांत अंबूताईंनी व्हरांड्यात जुनं लुगडं अंथरलं आणि त्यावर सायकल आडवी केली. जुनी तार काढण्याआधी प्रत्येक तार कुठून कुठं जाते ते रोज दत्तनाम लिहायच्या वहीत काढून घेतलं. डाव्या पानावर जप, उजव्या पानावर पिवळी, हिरवी, निळी. टायर काढायला चमचे घेतले. मुकुंदराव उपमा पुढ्यात घेऊन चमचा शोधत बसले.

"हाताने खा," आतून उत्तर आलं. "ब्राह्मणाला चमचा कधीपासून लागतो?"

नव्या चाकाला टायर चढला, पण दातेरी फ्रीव्हील, ज्यावर साखळी बसते, ते जुन्या चाकाला घट्ट. ते काढायचं हत्यार घरात नसतं. अंबूताईंनी दोन्ही चाकं चादरीत बांधली आणि बसमध्ये मांडीवर घेऊन जुन्या हुबळीत गेल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, काय आहे? "नातू," असं सांगून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

केदारीनं दोन मिनिटांत फ्रीव्हील काढून नव्या चाकावर चढवलं. नवं चाक हातात फिरवून पाहिलं. मग दुसरीकडे बघत म्हणाला, "आसाला दाताचा वॉशर येतो, तो विसरू नका. नाहीतर मोटार स्वतःच गरगरते आणि तारा पिळून टाकते. आणि चाक उलटं फिरलं तर घाबरू नका. दोन पांढऱ्या तारा आहेत, सोडून परत जोडा." चाक परत देताना पुन्हा, "घडीपाशी तुटणारच पण."

चाक बसलं. तारेचं भोक खाली. अंबूताईंनी तार भोकातून निघाल्यावर आधी खाली लोंबू दिली आणि मग वर नेली, म्हणजे पाणी आलं तरी लोंबत्या टोकाशी टपकेल, आत जाणार नाही. हे कुणी सांगितलं नव्हतं. पागोळीला पन्हळ कशी लावतात ते त्यांना माहीत होतं, तेवढंच.

जुनीच बॅटरी लावली. पांढऱ्या तारा जोडल्या. चाक फिरलं, उलटं.

मुकुंदराव खुर्चीतून पुढं झुकले. "वा! आता देवळातून थेट घरी. जायचं कामच नाही."

अंबूताईंनी वर न बघता तारा सोडल्या, परत जोडल्या. चाक थांबलं, कुरकुरलं, आणि सुलटं फिरू लागलं. मुकुंदरावांनी चष्मा काढून पुसला.

मग बिजागरी. पहिल्यांदा त्यांनी सगळ्या तारा सायकलीच्या अंगाशी ताणून, अगदी वेणी घातल्यासारख्या नीट बांधल्या. घडी करायला गेल्या तर बिजागरीपाशी तार तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली. केदारीच्या तिन्ही सायकली इथंच मेल्या होत्या, हे त्यांना तिथल्या तिथं कळलं. नीटपणानंच. त्यांनी सगळं सोडलं. वाढत्या मुलीचं परकर-पोलकं शिवताना शिवणीत माया सोडतात, तशी चार बोटं माया तारेला सोडली. दिसायला गबाळं दिसत होतं. पण घडी केली तेव्हा तार नुसती वळली.

"एकदा झालं," मुकुंदराव म्हणाले. "रोज करशील तेव्हा?"

अंबूताई उठल्या, देवघरातून जपमाळ घेऊन आल्या. "एकशे आठ वेळा करते. एका घडीला एक मणी. शेवटच्या मण्याला चाक फिरलं तर सायकल राहील. नाही फिरलं तर श्रीवत्साचा माणूस घेऊन जाऊ दे, मी चकार शब्द काढणार नाही."

घडी, उघड. घडी, उघड. वीस झाल्या तोवर पदर कमरेला खोचला गेला. चाळिसाव्या मण्याला मनगट भरून आलं. एका हातात सायकल आणि एका हातात माळ, जमेना. मुकुंदराव उठले आणि त्यांनी माळ हातातून घेतली.

"तू घडी कर. मणी मी ओढतो."

"नाम घ्या पण. नुसते मणी ओढू नका."

"घेतो की."

एकशे आठव्या मण्याला मुकुंदरावांनीच हँडलची मूठ पिळून थ्रॉटल दिला. चाक फिरलं.

केदारीला फोन गेला. पलीकडे हातोडीचा आवाज थांबला. मग, "अक्का, त्या बिजागरीपाशी तार कशी सोडलीत, त्याचा फोटो पाठवा."

पाडव्याला सकाळी अंबूताईंनी सायकलीची परत पूजा केली. मुकुंदरावांनी कपाळाला हात लावला, पण या खेपेला नळी नव्हती. पिळलेल्या फडक्यानं पुसली, हँडलला कुंकवाचं एक बोट, एक झेंडू. "पाणी माझ्या हातचं चुकलं होतं," त्या म्हणाल्या. "देव नव्हता चुकला."

तीन वाजता सायकल न्यायला माणूस आला. श्रीवत्स आदल्या रात्रीच आला होता, आणि सायकल धावते हे त्याला सकाळपर्यंत माहीत नव्हतं. स्मृती स्वयंपाकघरात खूप मन लावून करंज्या मोजत होती.

"आई, मी त्याला शब्द दिलाय."

"माझ्या सायकलीचा?"

"तुझ्या काळजीनं दिला."

"काळजी कर, माझी ना नाही. गुडघ्याला तेल आणून दे. पण मला घरात ठेवून तुला झोप लागणार असेल, तर ती झोप मी द्यायची नाही श्रीवत्सा." मग त्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "बसा. फराळ करून जा. सायकल नाही मिळायची."

साडेपाचला त्या निघाल्या. श्रीवत्स किल्ली घेऊन मागं धावला. "थांब, गाडीतून सोडतो."

"ये की. मागनं ये."

रायापूरला देवळाचा बोळ चारचाकीला घेत नाही. श्रीवत्सनं गाडी तोंडाशी लावली आणि चालत निघाला. पोचला तेव्हा समई लागलेली होती, कार्तिकाचा पहिला दिवा उंबऱ्यावर होता, आणि आई गाभाऱ्यासमोर डोळे मिटून उभी होती. तो चप्पल काढून मागं उभा राहिला. हॉर्न कुणी वाजवला नाही. आरती पुरी झाली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "घडी कर. डिकीत टाकू. अंधार पडला."

अंबूताईंनी हँडलवरचं बटण दाबलं. बोळात पुढपर्यंत उजेड पडला.

"तिला दिवा आहे," त्या म्हणाल्या. "तू माझ्या मागनं चाल. पुढं उजवीकडे खड्डा आहे, तुला माहीत नाही."