कढीपत्त्याच्या कुंडीतला साप

१४ जून. ऑफिसातून आल्यावर सापाच्या पेटीतली माती बदलायची, एवढंच काम होतं.

हा साप मार्चमध्ये कढीपत्त्याची कुंडी बदलताना मुळांतून निघाला होता. पेन्सिलीएवढा, तपकिरी. इथे टेक्सासात, शुगर लँडमध्ये असे पुष्कळ आहेत. मातीत राहतात, गांडुळं खातात, विषारी नसतात. मी त्याला झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत, त्याच कुंडीतल्या मातीत ठेवलं आणि पेटी लाँड्री रूमच्या फळीवर ठेवली. मोकळ्यावर वाढलेला, त्यामुळे बरेच दिवस त्याने काही खाल्लंच नाही. मग एका सकाळी गांडूळ नाहीसं झालं. प्रमोशन मिळालं तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

"याचा उपयोग काय? दिसत तर कधीच नाही," नवरा म्हणाला.

"घरात असं कोणीतरी हवंच होतं," मी म्हणाले.

मे महिन्यात नवऱ्याची मोठी बहीण पुण्याहून आली, गणपतीपर्यंत राहायला. दुसऱ्याच दिवशी माझे मसाल्याचे डबे जागचे हलले. तिसऱ्या दिवशी माझ्या चहात त्यांना साखर कमी पडली. मी सगळं गिळलं. मग एकदा त्यांनी कढीसाठी फ्रिजमधला दह्याचा डबा उघडला. त्यात सापाची गांडुळं होती.

"अगं, कसलं घर म्हणायचं हे!"

"ताई, डब्यावर लिहिलंय."

"आता मी चष्मा लावून फ्रिज उघडू का?"

त्यानंतर त्या फोनवर ज्याला त्याला सांगायच्या, "आमच्याकडे माणसांपेक्षा सापाची बडदास्त जास्त."

तर त्या संध्याकाळी मी पेटीचं झाकण काढलं आणि वास आला. ओळखीचा वास, ताईंच्या साड्यांना येतो तोच. मातीवर चार डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या होत्या. मी माती उकरली. साप तळाशी होता, तोंड उघडं टाकून, दोरीसारखा सैल.

ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मीच टाकल्या. वासाने आपोआप पळून जातो."

"झाकण क्लिप लावून बंद होतं, ताई. पळणार कुठे?"

त्यांनी मागे आलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना यार, तिला काय माहीत!"

"विचारायला तोंड होतं."

मी सापाला ओल्या पेपर टॉवेलवर घेऊन मागच्या अंगणात सावलीत बसले. बाहेर उकडत होतं, पण हवा स्वच्छ होती. स्वयंपाक कोणी केला ते मला माहीत नाही. बऱ्याच वेळाने त्याची जीभ बाहेर आली, परत आत गेली. मग शेपूट हललं.

या घरात त्याला परत ठेवणं म्हणजे त्याचा जीव ताईंच्या हाती देणं होतं. कुंपणापलीकडे ओढ्याकडेला कुजक्या पानांचा ढीग आहे. अंधार पडायच्या आत मी त्याला तिथे सोडलं. तो लगेच मातीत शिरला. मला त्याला अजून पुष्कळ दिवस ठेवायचं होतं. ते आता होणार नव्हतं, आणि ते कोणामुळे, हे मी विसरणार नव्हते.

परत आल्यावर पेटी साबणाने धुतली. नवी माती भरली, वर लाकडाची साल ठेवली, पाण्याची वाटी ठेवली. दोन्ही क्लिपा लावल्या आणि पेटी उचलून ताई झोपतात त्या गेस्ट रूममध्ये नेली. पलंगाशेजारच्या टेबलावर, उशीच्या बाजूला ठेवली.

"हे काय गं? वाचला का तो?"

"वाचला."

हे खोटं नव्हतं.

"मग इथे कशाला?"

"तिकडे कोणी काही टाकतं. इथे तुमचं लक्ष राहील."

सकाळी ताई दिवाणखान्यात सोफ्यावर बसलेल्या दिसल्या, उशी आणि चादर घेऊन. मी फ्रिजमधून दह्याचा डबा काढला आणि त्यांच्यासमोरून गेस्ट रूममध्ये गेले. त्या मागोमाग आल्या, पण उंबऱ्यापर्यंतच. मी मातीवर पाणी फवारलं. एक गांडूळ टाकलं.

"दिसत नाही गं तो."

"तो कधीच दिसत नाही, ताई."

झाकण लावलं. एक क्लिप बसवली, दुसरी त्यांच्या देखत तशीच सोडली. मग हात धुतले, जेवणाचा डबा भरला आणि ऑफिसला गेले.