कॉम्प्युटरच्या शर्यतीत पुढे चाल

हल्ली टीव्हीवर कॉम्प्युटर गेमच्या मोठाल्या लीग दाखवतात. कोण कोणाशी भिडणार याचा तक्ता पडद्यावर झळकतो, पंच कानाला हेडफोन लावून बसतात, सामना सोडून कुणी उठलं तर काय करायचं हेही आधीच ठरलेलं असतं. ते बघताना माझं टाळकं आजही सटकतं. कारण असल्याच एका लीगची तालुक्याची फेरी भोरात झाली होती, आणि त्या फेरीत एकदाही न हरता मी बाहेर पडले होते.

मी तेव्हा भोरच्या कॉलेजात अकरावीला होते. किकवीहून एसटीने जायची. हायवेला आमची चहाची टपरी होती. ती आई चालवायची आणि पोरीने कॉम्प्युटर शिकलाच पाहिजे असा तिचा हट्ट होता. म्हणून स्टँडजवळच्या सायबर कॅफेत तिने मला कोर्स लावून दिला. कोर्सचा तास संपला की मालक गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळू द्यायचा. वायरीने जोडलेले दोन कॉम्प्युटर, समोरासमोर दोघं, आणि तीन चकरा आधी पुऱ्या करेल तो जिंकला. तिथे मला हरवणारं कुणी नव्हतं. बढाई वाटत असेल तर वाटू दे.

लीग पुण्याच्या एका कंपनीने काढली होती. तालुक्यातला पहिला नंबर पुण्याच्या फेरीला जाणार होता. मला तिथे जायचं होतं. इतकं की महिनाभर माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं.

कंपनीकडून टोपी घातलेला एक माणूस बॅनर घेऊन आला. पण स्पर्धा भरवायचं काम त्याने आमच्याकडच्या जाणत्यांवर सोपवलं. हे जाणते म्हणजे जत्रेतल्या कुस्त्यांची कमिटी! त्यांना एकच रीत ठाऊक: गडी रांगेत उभे करायचे, अंगकाठी बघायची आणि जोड लावायची. त्यांनी इथेही तेच केलं. शिवऱ्याचा किडकिडीत पोरगा भोरच्या किडकिडीताशी, जाडा जाड्याशी. बोटांनी चालवायची गाडी, त्यात दंड बघून काय कळणार होतं? माझा नंबर येईपर्यंत मला हसूच येत होतं.

"हिला जोड न्हाई," अध्यक्ष म्हणाले. "पोरीला पोराशी कशी लावायची?"

"आवो, मधी टेबल हाय की," कॅफेचा मालक म्हणाला. "हितं कुठं अंगाला अंग लागतंय?"

कुरकुरत त्यांनी मला एका पोराशी लावलं. हाच पोरगा कॅफेत माझ्याकडून दर आठवड्याला हरायचा आणि हसत घरी जायचा. पण इथे मांडवात सगळं गाव बघत होतं. "म्या न्हाई बसणार," तो म्हणाला. "हरलो तर तोंड दाखवायला जागा न्हाई, आन् जिंकलो तरी लोक म्हणणार, पोरीला हरवली." कुणी त्याला रागावलं नाही. उलट दोघातिघांनी मान डोलावली. मला पुढे चाल मिळाली, म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत ढकललं. पुढच्या फेरीतल्या पोरानेही हेच केलं, त्याच्या पुढच्यानेही. मी खुर्चीत बसायची, कीबोर्डवर बोटं नीट ठेवायची, आणि समोरची खुर्ची रिकामीच राहायची. अपमान तरी किती वेळा गिळायचा माणसाने?

अंतिम सामना अध्यक्षांच्या पुतण्याशी होता. खेळायला बरा होता तो. पण ऐन वेळी त्याचं पोट दुखायला लागलं. म्हटलं, दुखू दे बापडं, नियमाने पहिली मीच.

कमिटी मांडवाच्या कोपऱ्यात कुजबुजली. मग अध्यक्ष माइकवर आले. "पोरीनं एकबी सामना खेळलेला न्हाई. न खेळता पैला नंबर कसा द्यायचा? पुतण्या निदान तीन सामने जिंकलाय. पुण्याला त्यो जाईल."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी टोपीवाल्याकडे बघितलं. नियम त्यालाच ठाऊक होते. तो म्हणाला, "लोकल कमिटीचा निर्णय आहे," आणि त्याने मोबाईलमध्ये तोंड खुपसलं. वर अध्यक्ष मलाच म्हणाले, "बाळ, पाहुण्यांचं हाराचं ताट तेवढं धर." मला इतका संताप आला की रडूच फुटलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

बायकांच्या खुर्च्यांतून आई उठली. सोबत म्हणून आली होती ती. तिने कॉम्प्युटरला आजवर बोटही लावलेलं नव्हतं. पदर खोचून ती सरळ समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

"म्या बसते हिच्याशी. चालू करा."

"आवो वहिनी, तुमचं नाव कुठंय स्पर्धेत?"

"नाव असलेले समदे पळाले न्हवं? चालू करा."

मालकाने गेम चालू केला. मांडव हसत होता. आईची गाडी भिंतीला धडकली आणि तिथेच घुरघुरत राहिली. ती एकेक बटण दोन्ही हातांनी दाबत होती, कपाळावर घाम. मी तीन चकरा मारल्या. आई उठली आणि अध्यक्षांसमोर उभी राहिली. "हरले म्या. आता ही खेळली न्हाई म्हनू नका."

अध्यक्षांनी पाहुण्यांना पुढे बोलावलं. चषक पुतण्याने घेतला. पोट दुखायचं थांबलं असावं. पुण्यालाही तोच गेला.

परतीच्या एसटीत आईने तिकिटं पदराच्या गाठीत बांधली. मग एकदम म्हणाली, "माझ्यासाठी हळू चालवलीस का गं?"

"न्हाई."

"खरं सांग."

"आई, दिवसभरात एकटी तूच माझ्याशी खेळायला बसलीस," मी म्हणाले. "हळू कशी चालवीन?"