उरलेलं एक काडतूस

व्रताच्या दिवसांत शिकारीला जावं की जाऊ नये, हा प्रश्न मला पडला होता, आणि मी तो स्वतःच्या सोयीनं सोडवून टाकला होता. आमचं कुलदैवत खंडोबा. मार्गशीर्षात चंपाषष्ठीपर्यंतचे सहा दिवस आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे यजमान जपानमधल्या त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत हरणांवर काम करत. दर हिवाळ्यात आम्ही होक्काइदोच्या पूर्व भागात जायचो. तिथले शिकारी हरणं मारायचे आणि हे त्यांच्या दातांवरून वय काढायचे. गाडी मी चालवायची, जबडे मी कापायचे, पिशव्यांवर चिठ्ठ्या मी लावायच्या. त्या वर्षी देवाचे सहा दिवस आणि आमचा दौरा नेमके एकत्र आले.

पुण्याहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "देवाचे दिवस आहेत आणि तू रक्तात हात घालणार?"

"आई, आपला देव स्वतःच शिकारीला जातो. तो समजून घेईल."

"तो घेईल गं. मी नाही घेणार."

मी हसून फोन ठेवला. खरं सांगायचं तर जेजुरीचा देव इतक्या लांब, उणे वीस अंशांच्या थंडीत आपल्यावर लक्ष ठेवून असेल, असं मला वाटतच नव्हतं. पाळायचं म्हणून पाळत होते, इतकंच.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी यजमान तापानं फणफणले आणि खानावळीतच झोपून राहिले. ओनो-सान दारात उभे होते. साठी ओलांडलेला हा शिकारी, आमची जुनी ओळख. मला ते 'ओक्सान' म्हणायचे, आपल्याकडे वहिनी म्हणतात तसं. "मग आज ओक्सान येणार? पण हळू चाला हं. तुमचे बूट वाजले की साप्पोरोतली हरणंही पळतात." मी म्हटलं, "तुमचा खोकला ऐकून ती आधीच गेली असतील." असे आम्ही निघालो.

जंगलातल्या रस्त्यावर गाडी लावून वर चढलो. पापण्या एकमेकींना चिकटत होत्या, श्वास मफलरवर गोठत होता. दुपारपर्यंत नुसते माग दिसले, हरीण एकही नाही. पण मला मजा येत होती, हे कबूल करते. खुराच्या प्रत्येक ताज्या ठशापाशी मी वाकून बघत होते. मग परत फिरताना एका उतारावर ओनो-सानच्या पायाखालचा बर्फ सरकला आणि ते घरंगळत खालच्या ओढ्यात गेले. मी पोचले तेव्हा त्यांचा एक पाय नडगीपाशी वाकडा झाला होता आणि मांडीपर्यंत भिजला होता. काडतुसांची पिशवी फाटून सगळी काडतुसं भुसभुशीत बर्फानं गिळली होती. खांद्याची बंदूक आणि खिशातली दोन काडतुसं तेवढी उरली होती.

त्यांना मी कसंबसं काठावर ओढलं. फांद्या तोडून पाय बांधला. मग हरीण ओढायला आणलेला दोर त्यांच्या काखेतून घालून ओढून पाहिलं, तर ते गुडघाभर बर्फात रुतत आणि ओरडत. त्यांनी एक गोळी इशाऱ्यासाठी हवेत झाडली. वाऱ्यानं आवाज पळवून नेला. कुणाचंच उत्तर आलं नाही. त्यांच्या ओल्या विजारीचा पत्र्यासारखा टणक थर झाला होता. मी एकटी गाडीपर्यंत जाऊन माणसं आणीपर्यंत तो पाय, कदाचित तो माणूसही राहणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. ते म्हणाले, "ओक्सान, तुम्ही जा." मी म्हटलं, "गप्प बसा." आणि त्या ओढ्याकाठी मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून देवाला हाक मारली. मल्हारी, कुणीतरी माणूस पाठव. कुणीही. पण माणूस पाठव.

झाडांत फांदी मोडली. मी आनंदानं वळले. माणूस नव्हता. सांबराएवढा मोठा नर होता, शिंगांवर बर्फ साचलेला. दिवसभर ज्याच्यासाठी आम्ही पायपीट केली, तो आता अगदी समोर आला आणि आमच्याकडे बघत उभा राहिला. पळाला नाही. मला रडू यायच्या ऐवजी संताप आला. आत्ता?

ओनो-सान कुजबुजले, "एकच गोळी आहे. इशारा करू की..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. इशारा म्हणजे माणूस येण्याची आशा. हरीण म्हणजे ऊब, कातडं. माझ्या डोक्यात सासूबाईंचा आवाज होता, देवाचे दिवस होते, आणि समोर त्यांचे निळे पडलेले ओठ होते. तो नर तसाच उभा.

"मारा," मी म्हटलं.

तो जागच्या जागी कोसळला. त्यानंतर मी विचार केला नाही, काम केलं. पोट फाडलं आणि ओनो-सानची गोठलेली विजार कापून त्यांचा पाय त्या वाफाळत्या उबेत घातला. माझे बधिर हातही तिथेच शेकले. बोटं हलायला लागली तशी कातडं सोलायला घेतलं. ते पडल्या पडल्या सूचना देत, "घाई करू नका, ओढा, कापू नका!" आणि मी, "एवढं येतंय तर उठा, तुम्हीच करा!" दोघंही वेड्यासारखे हसलो. केसांची बाजू खाली घालून त्यांना कातड्यात गुंडाळलं आणि कातड्याच्या मानेकडच्या टोकाला दोर बांधला. केस मागे वळलेले, त्यामुळे ते बर्फावरून सळकन सरकलं. थोड्याच वेळात थंडीनं कातडं लाकडासारखं कडक झालं, होडीच झाली त्याची. उताराला तर ती होडीच मला ढकलत होती. घसा फाटेपर्यंत येळकोट येळकोट ओरडत मी ओढत होते आणि मागून ओनो-सान, अर्थ न कळता, तेच ओरडत होते. अंधार पडायच्या आत गाडी दिसली.

पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, ऊब वेळेवर मिळाली. यजमान माझा हात धरून बराच वेळ बसले, आणि मग न राहवून म्हणाले, "त्या हरणाचा जबडा तेवढा आणायचा राहिला." ओनो-सानना मी विचारलं, तो पळाला का नाही? ते म्हणाले, "पर्वतानं दिला. मी कधी का विचारत नाही." मीही मग विचारलं नाही. वारा आमच्याकडून त्याच्याकडे वाहत नव्हता, म्हणून त्याला वास आला नसेल, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

पण त्या नराचे आणि मल्हारीचे उपकार मी वेगळे करू शकत नाही. मी देवाला मदत मागितली आणि वर तिचा चेहरामोहराही ठरवून दिला. त्यानं पाठवली ती मी जवळजवळ हाकलून दिली असती. आता हात जोडते तेव्हा "पाठव" एवढंच म्हणते. काय पाठवायचं ते सांगत नाही.