आठ तासांची भेट

उस्ता मआतींकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, ते दिवाणखान्यातल्या बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्यावर. आमच्या यजमानांचा, फिक्रींचा, घोटा मोडला होता. ज्या चीजच्या गोदामात ते हिशेब लिहायचे, तिथली मंडळी विचारपूस करायला आली होती. चहा झाला, "लवकर बरे व्हा" झालं आणि रिवाजाप्रमाणे अर्ध्या तासात सगळे उठले. खिडकीजवळच्या खुर्चीतले एक गृहस्थ मात्र उठले नाहीत. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, हातांवर खाण्याच्या सोड्याचे पांढरे डाग. मांडीवर हात ठेवून ते फिक्रींकडे समाधानाने बघत बसले होते, जणू फिक्री म्हणजे समुद्र.

आधी मला वाटलं, काही मागायचं असेल. तासाभराने वाटलं, झोप लागली असेल. दुपारी ताट वाढलं तर पोटभर जेवले. नंतरचा चहा मात्र नको म्हणाले.

"घ्या की, उस्ता. अर्धा कप."

"नको, बाई. मधेमधे थोडं थोडं भरलं की आतून खराब होतं."

"काय खराब होतं?"

"सगळंच."

मावळतीला घड्याळ पाहून उठले, फिक्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता दोन महिने काळजी नाही." दार लागेपर्यंत फिक्रींनी हसू दाबून धरलं होतं. मग त्यांनी मला सगळं सांगितलं.

गोदामात चीजचे डबे हलवायला विजेच्या फोर्कलिफ्ट होत्या, कारण खाण्याच्या मालाजवळ धूर चालत नाही. प्रत्येकीच्या पोटात एका म्हशीहून जड अशी शिशाची बॅटरी. या बॅटऱ्यांची देखभाल उस्ता मआतींकडे; आमच्याकडे कसबी कारागिराला उस्ता म्हणतात. त्यांचे नियम सगळ्या गोदामाला पाठ होते. पाचवा हिस्सा उरेपर्यंत बॅटरी वापरायची. मग आठ तास चार्जिंग, मधे हात लावायचा नाही. मग तितकाच वेळ तिला गार होऊ द्यायचं, नाहीतर आतल्या शिशाच्या पट्ट्या वाकतात. शुद्ध पाणी चार्जिंगनंतर घालायचं, आधी नाही, नाहीतर उतू जातं. वरची आम्लाची ओल सोड्याच्या पाण्याने पुसायची. चहाच्या सुट्टीत कुणी ड्रायव्हरने दहा मिनिटांसाठी गाडी लावली, तर उस्ता वायर काढून घ्यायचे आणि त्या माणसाशी दिवसभर बोलायचे नाहीत. कारण बॅटरीच्या नशिबी ठरावीक चार्जिंग असतात. दहा मिनिटं लावा नाहीतर आठ तास, ती एकच मोजते. इतर गोदामांत तीन-चार वर्षांत बॅटऱ्या जायच्या. उस्तांच्या कधी जायच्या हे कुणाला माहीत नव्हतं, कारण अजून गेल्या नव्हत्या.

इथपर्यंत सगळं ठीक. पण उस्तांच्या मते माणसंही तशीच असतात. दोन माणसांच्या नशिबी ठरावीक भेटी असतात. पाच मिनिटं डोकावलात तरी एक भेट खर्च झाली. म्हणून क्वचित जायचं, पण गेलं की पूर्ण बसायचं.

आम्हा दमिएटाच्या माणसांची सगळा देश कंजूष म्हणून टिंगल करतो. पाहुण्याला म्हणे आम्ही विचारतो, "जेवणार, की हलक्या पोटी छान झोपणार?" अशा गावात हा माणूस आठ तासांसाठी यायचा. लोक त्यांच्यावर जीव टाकायचे आणि त्यांना गल्लीत वळताना पाहून दिवे मालवायचे. शिनावी नावाचा एक ड्रायव्हर तर त्यांच्या तोंडावर म्हणायचा, "उस्ता, माझ्या मयतीला या, पण मी पुरला गेल्यावर घरी जा हं, तिथेच बसू नका."

अशा उस्तांना लग्न करायचं होतं, आणि तेही आमच्या समोरच्या दारातल्या इन्शिराहशी.

इन्शिराह विधवा. मुलगी रबाब लग्न होऊन दूर गेलेली. तिच्या नावावरून सगळे इन्शिराहला उम्म रबाब, म्हणजे रबाबची आई, म्हणायचे. घरीच ती खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवायची. तोंडात खिळे धरून बोलायची सवय, त्यामुळे आवाज खणखणीत. उस्तांनी गोदामाच्या कचेरीतली खुर्ची तिच्याकडे आणली, आणि दुसऱ्या दिवशी येऊन माझ्याकडे शब्द टाकला. तिला विचारलं, तर म्हणाली, "येऊ देत. बघू." आमच्याकडे याचा अर्थ जवळजवळ हो असाच असतो.

मी उस्तांना नीट समजावलं. "शनिवारी संध्याकाळी सातला या. तिचे थोरले भाऊ, हाजी मेतवल्ली, इज्बत अल-बुर्जहून येतील. शरबत प्यायचं, विषय काढायचा, तासाभरात उठायचं. ऐकलंत?"

"सात म्हणजे सात, बाई."

शनिवारी सकाळी अकराला ते इन्शिराहच्या दारात उभे. हातात मुशब्बकचा डबा. आमच्याकडची ही जिलबी, पण जाळीदार.

"अहो, सात सांगितलं होतं ना!" मी धावत गेले.

"सातला निघायचं, तर अकराला यायला नको?"

इन्शिराहला त्याच संध्याकाळी सहा खुर्च्या द्यायच्या होत्या. अंगभर कापूस. तिने पाहुण्याकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसा. पण हे टोक धरा." उस्तांनी टोक धरलं. मी रिवाज म्हणून कोपऱ्यात विणत बसले. दिवसभरात ते जेमतेम चार वाक्यं बोलले असतील. पण कापड असं ताणून धरायचे की तिला एकही सुरकुती काढावी लागली नाही. सहा खुर्च्या पुऱ्या झाल्या. बरोबर सातला हाजी मेतवल्ली दारात आले, आणि बरोबर सातला उस्ता उठले, "भेटून फार बरं वाटलं," म्हणाले आणि त्यांच्या बाजूने निघून गेले.

"मी आलो आणि हा उठला?" हाजींचा चेहरा लालेलाल. "उम्म रबाब, याने मला पाहिलं आणि पळाला?"

"नाही हो दादा, त्यांची वेळ झाली होती."

"कसली वेळ?"



तरी दुसऱ्या दिवशी फोन आला असता तर निभलं असतं. आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुलगी बघून गेल्यावर कळवलं नाही, तर आमच्याकडे नकार समजतात. इन्शिराहचे खिळे दिवसभर जोरजोरात ठोकले जात होते. समोरच्या दारापलीकडून मला सगळं कळायचं.

हाजींनी तोवर दुसरा माणूस शोधला. औषधांच्या दुकानाचे मालक, डॉक्टर वफीक. साठीचे, सुगंधी, गोड बोलणारे. ते रोज यायचे. "सहज डोकावलो," म्हणायचे. पंधरा मिनिटं बसायचे, एक कप चहा प्यायचे, मग दुकानात. शुक्रवारी नमाजानंतर फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, वाचून बोलणं पक्कं करायचं ठरलं. एकदा फातिहा वाचली की विषय संपला.

शुक्रवारी दुपारी मला राहवेना. मी गोदामात गेले. सुट्टी होती, सगळीकडे सामसूम. उस्ता चार्जिंगच्या खोलीबाहेर स्टुलावर बसले होते, अंगात रबरी एप्रन, चेहऱ्यावर शांती. आत पंखे घरघरत होते आणि बॅटऱ्यांचं आठवड्याचं लांबलचक चार्जिंग चाललं होतं.

"उस्ता, फोन का नाही केलात?"

"ती गार होतेय, बाई."

"काय?"

"भेट मोठी झाली ना. बॅटरीला आठ तास लागतात. माणूस मोठा, त्याला तासाला एक दिवस. परवा पुरे होतात. परवा करणारच होतो."

"परवा तिच्या साखरपुड्याचे पेढे खा! घरात फातिहा वाचायला माणसं बसलीत!"

उस्ता असे उठले की स्टूल पडलं. चार्जिंगचा वायू पेट घेतो, खोलीजवळ ठिणगी नको म्हणून ते फोन घेऊन अंगणात पार भिंतीपर्यंत गेले. मी मागोमाग गेले, आणि इन्शिराहचा आवाज मला फोनमधूनही स्पष्ट ऐकू आला.

"उम्म रबाब? मी मआती."

"कोण मआती? एक मआती होते, पण ते वारले बहुतेक."

"नाही, नाही! मी तुम्हाला गार होऊ देत होतो."

"काय होऊ देत होतात?"

"गार. लगेच फोन केला असता तर आतल्या पट्ट्या वाकल्या असत्या."

"उस्ता, बाहेर दोन माणसं तळवे उघडून बसलीत आणि मी चहा ओततेय. तुम्हाला काय बोलायचंय?"

"एवढंच सांगा, माझी आठवण किती उरलीय? अंदाजे? पाचवा हिस्सा असेल तर येतो. जास्त असेल तर आज येणं बरं नाही."

मी शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण कुणा विद्यार्थ्यावर कधी हात उगारला नाही. ती सवय त्या क्षणी कामी आली.

"काही उरलेली नाही," इन्शिराह म्हणाली. "सगळी संपली."

उस्तांचा रंग उडाला. "सगळी? अहो, पूर्ण संपू द्यायची नसते! त्याच्याइतकं वाईट काही नाही!"

"मग या."

"इथलं संपायला अजून दोन तास आहेत. मधे सोडलं तर..."

"दोन तासांनी या. इकडचं मी बघते."

मी धापा टाकत तिच्या घरी पोचले, तेव्हा ती फडक्याने हात पुसत बाहेरच्या खोलीत उभी होती. "डॉक्टर, जरा थांबायचं. एक पाहुणे यायचेत, दोनेक तासांत."

डॉक्टर वफीक गोड हसले. घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं. "दुकान उघडायचंय. उद्या डोकावतो की. रोज येतोच आहे."

"रोज कशाला त्रास? आज पूर्ण बसा ना."

त्यांनी खरोखर प्रयत्न केला. एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर झाले, हवामान संपवलं, औषधांचे भाव संपवले, छताकडे पाहिलं. पाऊण तासाने उठलेच. "संध्याकाळी पाच मिनिटं येऊन जातो," म्हणाले. हाजी तोवर सोफ्यावर घोरायला लागले होते.

उस्ता एप्रनसकट आले. हाजी दचकून जागे झाले. "हा! आता मी जागा झालो म्हणून हा निघणार काय?"

"नाही, हाजी. आत्ताच आलोय," उस्ता म्हणाले आणि खाली बसले. त्या बसण्याकडे पाहून हाजींना बहुतेक पहिल्यांदाच समजलं की हा माणूस पळणाऱ्यातला नाही.

"दादा," इन्शिराह म्हणाली, "डॉक्टर रोज आले. रोज मी हात धुतले, कपडे बदलले, कप विसळले. तितक्या दिवसांत एक खुर्ची उरकली नाही. हे एकदा आले आणि सहा झाल्या."

हाजींचा जन्म मासेमारीच्या होडीवर गेलेला. हा हिशेब त्यांना चटकन कळला. "पण बोलतो का हा काही?"

"नाही," ती म्हणाली. "तेच म्हणतेय मी."

फातिहा वाचली. वाचून झाल्यावर हाजी उठायला लागले, तर उस्तांनी त्यांचा हात धरला. "आलाच आहात, हाजी, तर बसा." बिचारे अंधार पडेपर्यंत बसले. मला वाटतं, आवडलंही त्यांना.

लग्नाआधी इन्शिराहने एकच अट घातली, की गार होऊ देणं वगैरे चालणार नाही, रोज फोन झाला पाहिजे. उस्तांनी बरेच दिवस विचार केला आणि मानलं. या गोष्टीला आता चार वर्षं झाली. उस्ता मआती आमच्या समोरच्या दारात राहतात आणि रोज दुपारी गोदामाच्या अंगणातून तिला फोन करतात.